छाया कुणाची ते छापता, काया कुणाची ते का नाही?

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातील कला, माध्यम आणि फॅशन महाविद्यालयांत छायाचित्रण शिकवणारे अध्यापक, आणि विद्यार्थ्यांचे अंतिम वर्षाचे काम तपासणारे परीक्षक यांस,



‘मॉडेल आणि ओळख’ हा आपल्याकडच्या विद्यार्थी-प्रकल्पांचा आता ठरून गेलेला विषय आहे. त्यातली दृश्येही बरीचशी ठरलेली असतात: फुटका आरसा, अर्धा रंगवलेला आणि अर्धा उघडा चेहरा, तोंडावर ताणून धरलेले प्लॅस्टिक, मासिकांच्या कात्रणांनी झाकलेले डोळे. सोबतच्या टिपणात माध्यमे बाईची वस्तू कशी करतात, जाहिरात माणसाचे माणूसपण कसे पुसते, असे दोन-तीन परिच्छेद असतात आणि त्यातले बरेचसे खरेही असते. मग नजर चित्राशेजारच्या पाटीकडे जाते. तिथे विद्यार्थ्याचे नाव असते, मार्गदर्शकाचे असते, अभ्यासक्रमाचे असते. कॅमेरा, लेन्स आणि कागदाची जातसुद्धा असते. ज्या चेहऱ्यावर हा सगळा विचार गिरवला गेला त्या चेहऱ्याचे नाव तेवढे नसते. ओळख पुसली जाते अशी तक्रार करणारे चित्र ती पुसण्याचे काम स्वतःच उरकून भिंतीवर टांगले जाते, आणि त्याला चांगले गुण मिळतात. हे पत्र त्या राहून गेलेल्या ओळीबद्दल आहे. माझी विनंती एवढीच, की मॉडेलने स्वतः सांगितलेले नाव आणि तिचे वा त्याचे चित्र कुठे, किती काळ वापरायचे याबद्दल ठरलेली बोली, या दोन गोष्टी सोबत नसतील तर ते काम अपुरे समजून परत करावे. गुण कापू नयेत, कामच परत करावे.

विद्यार्थी ओळख चेहऱ्यात शोधतात. माध्यमांत ती तिथे क्वचितच असते. वर्तमानपत्राच्या कुठल्याही उपसंपादकाला विचारा, तो सांगेल की फोटो कुणाचा हे फोटो सांगत नाही, फोटोओळ सांगते. ओळ बदलली की तोच चेहरा आंदोलकाचा होतो, दंगलखोराचा होतो, नाहीतर नुसता गर्दीतला एक होतो. ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचा आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत, आणि त्यातली बहुतेक माणसे जातीने, जमातीने, धंद्याने, मुलखाने नोंदलेली आहेत. सोबत ती जमात स्वभावाने कशी, भरवशाची की त्रासाची, असले शेरे. सत्तावन्नच्या उठावाने हादरलेल्या राज्यकर्त्यांना रयतेतला एखादा माणूस ओळखायचा नव्हता, नमुने लावून ठेवायचे होते. त्यामुळे नावाची गरजच पडली नाही. आता मोबाइलवर कपडे विकणारे कुठलेही पान उघडा. कुर्त्याच्या चित्राखाली ओळ असते: मॉडेलची उंची ५ फूट ८ इंच, अंगातला साइज एस. मधे दीडशे वर्षे गेली. तिथे जमात होती, इथे माप आहे, नावाची जागा दोन्हीकडे कोरीच. गिऱ्हाइकाला माप लागते हे मान्य, आणि ती माहिती उपयोगाची आहे हेही मान्य. पण चेहऱ्याखाली एक ओळ छापायला जागा असते, वेळ असतो, माणूस असतो, हेही त्याच ओळीने सिद्ध होते. ओळखीला एक ओळ लागते. ती उंचीवर खर्च करायची की नावावर, हे कुणीतरी ठरवलेले असते.

चेहरा गाजला की नाव मागोमाग गाजते, हा समज मराठी माणसाने तरी बाळगू नये. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात एक जलरंगातले चित्र आहे: हातातल्या दिव्याला दुसऱ्या हाताचा आडोसा देऊन उभी असलेली साडीतली तरुणी, बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड. या चित्राच्या प्रती कॅलेंडरांवरून आणि चौकटींतून कुठल्या कुठे पोहोचल्या. ते रविवर्म्याचे आहे असे छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे, आणि त्यासाठी उभी राहिली होती त्यांचीच लेक गीता. २०१८ साली गीताताई उपळेकर कोल्हापूरला वयाच्या १०२व्या वर्षी वारल्या, तेव्हा त्यांच्या मृत्यूची बातमी चित्राच्या नावाने द्यावी लागली, कारण वाचक चित्राला ओळखत होता. इथे चित्रकाराचेच नाव दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाले, तिथे समोर उभ्या राहिलेल्या मुलीचे कुठून टिकणार? आणि ही तर चित्रकाराची मुलगी होती, घरात नाव लावणारे लोक होते. एखाद्या विद्यार्थ्याच्या शूटसाठी दुसऱ्या शाखेतून बोलावलेल्या मुलीचे नाव, पाटीवर घातले नाही तर, प्रदर्शन उतरल्यावर कुणाच्या लक्षात राहील?

विद्यार्थी या विषयाकडे ज्यांच्या वाटेने येतात त्या कलावंतांकडे नीट पाहिले, तरी हीच गोष्ट दिसते. अभ्यासक्रमात सिंडी शर्मन शिकवली जाते. १९७७ ते १९८० या वर्षांत तिने सुमारे सत्तर कृष्णधवल चित्रांची मालिका केली; सिनेमातली गृहिणी, शहरात नवी आलेली मुलगी, वाट पाहणारी प्रेयसी, अशा ओळखीच्या स्त्री-साच्यांत ती स्वतः उभी राहिली. आपल्याकडे पुष्पमाला एन. यांनी क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतीय स्त्रियांच्या प्रतिमांची मालिका केली. त्यात त्या रविवर्म्याची लक्ष्मीही झाल्या आणि चौकटीच्या पडद्यापुढे मोजमापासाठी उभी केलेली, वसाहतकाळातल्या मानववंशशास्त्राने टिपलेली बाईही झाल्या. या दोघींच्या कामाचा कणा एकच: जी कॅमेऱ्यासमोर आहे, अधिकारही तिचाच आहे. पुष्पमालांच्या बाबतीत तर नेहमीचा क्रमच उलटा झाला आहे, मॉडेल ही कर्ती आणि छायाचित्रकार ही सहकारी, आणि दोघींची नावे कामावर आहेत. आपला विद्यार्थी हे सगळे वाचतो, शर्मनची प्रकाशयोजना उचलतो, पुष्पमालांचा पडदा उचलतो आणि समोर स्वतःऐवजी दुसऱ्याला उभे करतो. तेवढ्या एका बदलाने युक्तिवाद पालथा होतो. साचा मोडायला जी उभी होती तिच्या जागी साच्यात घातलेली एक अनाम व्यक्ती येते. दुसऱ्याला उभे करण्यात गैर काही नाही, बहुतेक छायाचित्रण त्यावरच चालते. पण मग शर्मनचा आधार सांगताना तिच्यातली आणि आपल्यातली ही फट कबूल करावी लागते, आणि ती कबुली पाटीवरच देता येते.

माझ्या विनंतीवरचा पहिला आक्षेप व्यवहाराचा. मॉडेल हे काम आहे, कामाचे पैसे मिळाले की विषय संपला. दुकानातल्या पुतळ्याला कोणी नाव विचारते का? विद्यार्थ्यांच्या शूटमध्ये बहुधा पैसे नसतातच, हे आधी लक्षात घेऊ. तिथे ‘टीएफपी’ चालते, म्हणजे वेळेच्या बदल्यात फोटो: मॉडेलला पोर्टफोलिओसाठी चित्रे मिळतात, विद्यार्थ्याला प्रकल्प मिळतो. या देवाणघेवाणीत मॉडेलची सगळी कमाई तिच्या दिसण्याची दखल हीच असते, आणि नावाशिवाय तीच बुडते. पैसे मिळतात तिथेही हा युक्तिवाद एकाच बाजूला लागू होतो. छायाचित्रकारालाही पैसे मिळतात, तरी आपली वर्तमानपत्रे कोपऱ्यात ‘छाया :’ लिहून त्याचे नाव छापतात. छाया कुणाची ते कळते, काया कुणाची ते नाही. अर्थात नाव म्हणजे पैसा नव्हे, आणि नावाने सगळे सुटते असा माझा दावा नाही. रिचर्ड अॅव्हेडनने १९५५ साली पॅरिसच्या सर्कशीत हत्तींच्या रांगेत उभ्या केलेल्या मॉडेलचे नाव जगाला ठाऊक आहे, डोव्हिमा. त्या चित्राची एक प्रत २०१० साली पॅरिसच्या लिलावात ८,४१,००० युरोंना गेली. डोव्हिमा त्याच्या वीस वर्षे आधी वारली होती, आणि अखेरच्या काळात फ्लोरिडातल्या एका उपाहारगृहात गिऱ्हाइकांचे स्वागत करण्याची नोकरी करत होती. नाव असूनही ही गत. पण तिच्या वाट्याला काय आले आणि काय नाही हे आज विचारता तरी येते, ते केवळ नाव माहीत आहे म्हणून.

आता कायद्याकडे वळू. इथे नावाचा प्रश्न सौजन्याचा उरत नाही. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात चित्र काढणारा हा कर्ता. मोबदला देऊन कुणी फोटो काढवून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी त्या काढवून घेणाऱ्याची. तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा छायाचित्रकाराचा हक्क कलम ५७ने शाबूत राहतो. मॉडेल यात कुठे? कायद्यात ‘सादरकर्ता’ अशी वेगळी व्याख्या आहे. त्यात नट, गायक, वादक, नर्तक आहेत, कसरतपटू आहेत, चेंडू झेलणारे आणि जादूगार आहेत, गारुडी आहे, व्याख्याता आहे. मॉडेल नाही. गारुड्याला नाव घेऊन आत बोलावणाऱ्या कायद्याने मॉडेलला ‘सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती’ या शेवटच्या शब्दांच्या फटीतून येऊ द्यायचे की नाही हे वकिलांवर सोडले. याहून बोलके वाक्य २०१२च्या दुरुस्तीत आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीतही येत नाही, त्याला जवळजवळ सर्व बाबतींत सादरकर्ता मानू नये, असे ते सांगते. हे वाक्य चित्रपटापुरते आहे, छायाचित्राला ते लागू नाही. पण कायदा विचार कसा करतो ते त्यातून दिसते. हक्क आहे म्हणून नाव छापायचे, एवढाच क्रम तिथे नाही. नाव छापण्याचा रिवाज आहे की नाही यावरही हक्क जोखला जातो. आणि रिवाज घडतो कुठे? विसाव्या वर्षी, महाविद्यालयात, पहिली पाटी लिहिताना. तुमच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी पुढे जाहिरात कंपनीत, मासिकात, ऑनलाइन दुकानाच्या स्टुडिओत जाऊन तेच करतो जे त्याला इथे स्वाभाविक वाटू दिले गेले.

नाव दिल्याने मॉडेलला फक्त श्रेय मिळते असेही नाही, जबाबदारीची वाटणीही होते. १९९५ साली टफ शूजची जाहिरात आली. मिलिंद सोमण आणि मधु सप्रे, अंगावर बूट आणि एक अजगर, बाकी काही नाही. मुंबईत अश्लीलतेचा खटला उभा राहिला, अजगरापायी वन्यजीव कायद्याचीही भर पडली, आणि २००९ साली, म्हणजे चौदा वर्षांनी, आरोपी निर्दोष सुटले. आरोपींत दोघे मॉडेल होते तसे छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्ता होते, जाहिरात करणारे होते, छापणारेही होते. न्यायालयाच्या कागदावर सगळी नावे ओळीने होती. लोकांच्या आठवणीत मात्र दोनच राहिली. आजही तो विषय निघाला की सोमण आणि सप्रे यांचीच नावे येतात. ती कल्पना कुणाची, चौकट कुणी ठरवली, छापायचे कुणी ठरवले, हे विचारायला कोणी जात नाही. जे शरीर दिसते त्याच्याच माथी सगळे मारून मोकळे व्हायची आपली सवय आहे, आणि मराठी घरांत या दोघांबद्दल त्या काळी जे बोलले गेले ते आठवून पाहावे. म्हणून माझी मागणी एकट्या मॉडेलच्या नावाची नाही. कल्पना, छायाचित्र, वेशभूषा, रंगभूषा, रिटच, मॉडेल, असा सगळा तपशील एका ओळीत आला की दिसणारी व्यक्ती म्हणजेच सांगणारी व्यक्ती, हा गैरसमज आपोआप ढिला होतो. ‘ओळख’ या विषयावर काम करणाऱ्याने एवढे तरी दाखवायला हवे की चित्रातली ओळख बसून ठरवणारी माणसे किती होती.

यावर कलेच्या बाजूने आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. फॅशनचे चित्र ही रचलेली गोष्ट असते. तिथे उभी असलेली बाई ती बाई नसतेच. तिचे नाव पाटीवर घातले की भूल उतरते, प्रेक्षक भूमिकेऐवजी व्यक्तीकडे पाहू लागतो. हा युक्तिवाद आपल्या मातीत फार काळ टिकत नाही. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते की शालू नेसून उभे आहेत ते नारायणराव राजहंस. तरीही त्यांचे नेसणे, त्यांचे दागिने, केसांतला गजरा यांची नक्कल घरोघरच्या बायका करत. महाराष्ट्रातला पहिला फॅशन मॉडेल कोण असा प्रश्न कुणी काढलाच तर माझे मत त्यांना आहे. पुरुष असल्याचे सर्वांना माहीत, नाव जाहिरातीत ठसठशीत, आणि तरी भूल तसूभर कमी नाही. उलट, नाव माहीत असल्यानेच प्रेक्षकाला दोन गोष्टी एकदम दिसत होत्या, माणूस आणि त्याने घेतलेले रूप, आणि त्यांतले अंतर हीच मौज होती. मराठी नाटकाच्या जाहिरातीत आजही नटांइतकेच नेपथ्य, प्रकाश, संगीत, सूत्रधार यांना स्थान असते. त्याने कुणाचा रसभंग झाल्याचे ऐकिवात नाही. ‘ओळख घडवली जाते’ हेच ज्या प्रकल्पाला म्हणायचे आहे, त्याने तर हे अंतर लपवण्याऐवजी उघडे करावे.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे. आज मुलीचे पूर्ण नाव फोटोखाली घातले की कोणीही तिला समाजमाध्यमांवर शोधून काढतो, संदेश पाठवतो, चेहरा दुसऱ्या अंगावर चिकटवतो. घरच्यांना न सांगता शूट केलेल्या मुलीची तर वेगळीच अडचण होते. या भीतीला हसण्यासारखे काही नाही. पण निनावी राहिल्याने माणूस सुरक्षित राहतो का, हे तपासावे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका ग्रामीण महिलेची याचिका आली. तिचे म्हणणे असे, की ओळखीच्या छायाचित्रकाराने काढलेला तिचा फोटो तिच्या परवानगीशिवाय फोटोविक्रीच्या संकेतस्थळावर गेला आणि तिथून तो निरनिराळ्या सरकारी योजनांच्या जाहिरातींत झळकू लागला. न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या. या प्रकरणात बाईचे नाव कुठे छापले गेले नव्हते, आणि हाच तिचा घात होता: नाव नाही म्हणजे ती कुठलीही ग्रामीण महिला होऊ शकते, कुठल्याही योजनेची लाभार्थी होऊ शकते. निनावीपणाने तिला झाकले नाही, तिला वापरायला सोपे केले. म्हणून मी ‘मॉडेलने स्वतः सांगितलेले नाव’ असे म्हणतो. ते पाळण्यातले नाव असायलाच हवे असे नाही. डोव्हिमाने डोरोथी, व्हर्जिनिया आणि मार्गारेट या आपल्या तिन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून कामाचे नाव केले. छायाचित्रकार होमाई व्यारावाला ‘डालडा १३’ या टोपणनावाने ओळखल्या जात. मुलीने टोपणनाव दिले तर ते छापावे. नुसते पहिले नाव दिले तर तेवढे. आणि नावच नको म्हटले, तर पाटीवर ‘मॉडेलच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही’ अशी ओळ घालावी. तिने नाव राखून ठेवले आणि आपण ते विसरलो, यात जो फरक आहे तो त्या ओळीत मावतो.

काही जण म्हणतील, नावापेक्षा रिटचची कबुली महत्त्वाची. कबुली जरूर असावी, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. फ्रान्सने १ ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलची शरीरयष्टी बदललेल्या जाहिरातींवर ‘रिटच केलेले छायाचित्र’ अशी सूचना सक्तीची केली, नॉर्वेने २०२२ मध्ये तसाच नियम आणला. दरम्यान ऑस्ट्रेलियात मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण मुलींवर अशा सूचनांचा परिणाम अनेकदा तपासला. आपल्या शरीराबद्दलची नाराजी त्याने कमी होत नाही असेच पुन्हा पुन्हा आढळले. कंबर बारीक केली आहे असे सांगितले की नजर आधी कंबरेकडेच जाणार. आपल्याकडे गोरेपणाच्या मलमाचे २०२० मध्ये नाव बदलले, ‘फेअर’ गेले आणि ‘ग्लो’ आले. त्याने काय बदलले ते प्रत्येकाने आपापल्या घरच्या लग्नाच्या बोलण्यांत पाहावे. रिटचच्या सूचना वस्तूबद्दल बोलतात, चित्रातल्या माणसाबद्दल नाही.

आणि माणूसच नसेल तर? हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. २०१७ साली कॅमेरॉन-जेम्स विल्सन या गोऱ्या ब्रिटिश छायाचित्रकाराने संगणकावर एक कृष्णवर्णीय मॉडेल घडवली आणि तिला शुडू हे नाव दिले. अमेरिकन ‘व्होग’च्या ऑगस्ट २०२५च्या अंकात एका कपडे-कंपनीच्या जाहिरातीतली मॉडेल पूर्णपणे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली होती, आणि ते बारीक अक्षरांत लिहिलेले होते. गंमत पाहा: जी अस्तित्वात नाही तिला नाव मिळते, लाखो लोक तिला नावाने ओळखतात, आणि जी थंडीवाऱ्यात पाच तास उभी राहिली ती ‘मॉडेल, उंची ५ फूट ८ इंच’. न्यूयॉर्क राज्याने १९ जून २०२५ पासून लागू केलेल्या फॅशन कामगार कायद्यात मॉडेलची डिजिटल प्रतिकृती करण्याआधी वेगळी लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. कशासाठी, किती काळ, किती मोबदल्यात, हे त्यात लिहावे लागते. ‘एच अँड एम’ने मार्च २०२५ मध्ये तीस मॉडेलच्या डिजिटल प्रतिकृती करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या प्रतिकृतींचे हक्क मॉडेलकडेच राहतील असे सांगावे लागले. कंपनीचा हेतू काहीही असो, ज्याचे नाव नोंदलेले आहे त्याच्याशीच असा करार होऊ शकतो. तुमचे विद्यार्थी आताच कृत्रिम चेहरे वापरू लागले आहेत, तेव्हा पाटीची ओळ त्यांनाही लागू करावी. चित्रात कोणीच नसेल तर ‘चित्रातली व्यक्ती अस्तित्वात नाही’ असे लिहावे. आणि खऱ्या मुलीचा फोटो यंत्राला देऊन त्यातून दहा चेहरे काढले असतील, तर त्या दहांच्या खाली तिचे नाव यावे. विद्यार्थ्याला हे जड जाईल. जड जाऊ द्यावे. प्रकल्पाचा विषय त्यानेच निवडला आहे.

तुम्ही म्हणाल, पाटीची ओळ ही कारकुनी बाब आहे, परीक्षकाने दृष्टी पाहावी. पण मुंबईतल्या एका विद्यार्थिनीच्या कामात या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, आणि ते काम जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचे आहे. होमाई व्यारावाला १९३०च्या दशकात सर ज. जी. कलाशाळेत शिकत होत्या. त्या सुमारास त्यांनी आपल्या बरोबरीच्या मुलींची चित्रे टिपली. त्यांत रेहाना मोगल नावाची वर्गमैत्रीण पुन्हा पुन्हा येते. प्रकाशात वळलेला चेहरा, आपण कशा दिसतो आहोत हे पुरते ठाऊक असलेली तरुण मुलगी, त्या शहरातल्या शिकणाऱ्या, मोकळ्या वावरणाऱ्या बाईचे एक नवेच रूप. आजच्या भाषेत सांगायचे तर हा मॉडेल आणि ओळख याच विषयावरचा विद्यार्थी-प्रकल्प होता. त्या काळी होमाईंची स्वतःची चित्रे नवऱ्याच्या, माणेकशांच्या, नावाने छापली जात होती, कारण बाईने फोटो काढले आहेत हे पटण्याजोगे नव्हते. नाव गेले की काय जाते हे त्यांना चांगले माहीत असणार. पुढे छायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव परत मिळाले, २०११ मध्ये पद्मविभूषणही मिळाले. आणि त्या चित्रांखाली आज रेहाना मोगल हे नावही वाचायला मिळते. आपण तिला ‘तीसच्या दशकातली एक आधुनिक तरुणी’ म्हणून पाहत नाही. रेहाना मोगल म्हणून पाहतो, आणि मगच त्या दशकाकडे जातो.

या वर्षीचे प्रकल्प तुमच्याकडे येतील तेव्हा कृपया चित्रे पाहण्याआधी एकदा पाट्या वाचाव्यात. मॉडेलच्या सहीचा कागद मागावा, तो मराठीत किंवा तिला कळेल त्या भाषेत आहे का ते पाहावे, आणि त्यात ‘प्रदर्शनापुरते’ लिहिले असेल तर तेच चित्र विद्यार्थ्याच्या व्यावसायिक पोर्टफोलिओत किंवा फोटोविक्रीच्या संकेतस्थळावर कसे गेले ते विचारावे. शक्य असल्यास उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेत मार्गदर्शकांच्या खाली मॉडेलांचीही नावे घालावीत. पाहुण्यांच्या यादीत त्यांना बसवावे; बहुतेक ठिकाणी त्यांना प्रदर्शन आहे हे कळवलेलेही नसते.



आपल्या प्रदर्शनांचा एक नियमित प्रेक्षक